भ्रमणध्वनीतील छायाचित्रे : परवानगी कोणाला आणि किती?

उरण तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायत कार्यालयात पाऊल टाकले, की भिंतीशी उभे असलेले लोखंडी कपाट प्रथम नजरेस पडते. जन्म-मृत्यूची नोंदवही, घरपट्टीची मागणी नोंदवही, मासिक सभेचे इतिवृत्त, ग्रामसभेचे ठराव असे गावाचे दप्तर त्यात असते. किल्ली कोणाकडे असावी, कागद कोणास दाखवावा, नक्कल कोणत्या अर्जावर द्यावी, याचे नियम आहेत आणि ते बहुधा पाळलेही जातात. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र त्याच कार्यालयात दुसरे एक कपाट येऊन बसले आहे. ते खिशात मावते आणि त्यात कोणते कागद आहेत याची यादी कोणापाशीही नसते. हे कपाट म्हणजे भ्रमणध्वनीतील छायाचित्रांचा संग्रह होय.

या संग्रहात काय काय साठते, हे एकदा पाहण्यासारखे आहे. घरकुलाच्या बांधकामाची टप्प्याटप्प्याने घेतलेली छायाचित्रे त्यात असतात. अर्जासोबत आधारपत्राची प्रत जोडायची राहून गेली, तर ‘साहेब, व्हॉट्सॲपवर टाकतो’ असे सांगून अर्जदार मोकळा होतो आणि ती प्रतही तेथेच येऊन पडते. बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचे देयक, शाळेतील मुलांचे गणवेश वाटपाचे चित्र, एखाद्या विधवेने निवृत्तिवेतनासाठी दिलेला पतीच्या मृत्यूचा दाखला, हे सारे घरच्या लग्नसमारंभाच्या छायाचित्रांत मिसळून राहते. त्याच भ्रमणध्वनीवर समाजमाध्यमांची चार-पाच ॲपही असतात. त्यांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी ‘आपल्या छायाचित्रांपर्यंत पोहोचण्याची अनुमती द्यावी’ अशी विनंती केलेली असते आणि घाईच्या क्षणी ती मान्यही झालेली असते.

ही अनुमती देणाऱ्याला वाटते, की प्रश्न आपल्या स्वतःच्या छायाचित्रांचा आहे. शिक्षक, अधिकारी अथवा पंचायत सदस्य यांच्या बाबतीत तसे नसते. त्यांच्या संग्रहातील पुष्कळसे कागद दुसऱ्यांचे असतात, आणि त्या दुसऱ्यांना कोणीही विचारलेले नसते.

उरणच्या कागदांचे मोल

उरणच्या संदर्भात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. भाताची खाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा हा आगरी-कोळी वस्तीचा तालुका गेल्या अर्धशतकात पूर्णतः पालटला. मुंबई हायच्या तेल-वायूशी निगडित प्रकल्प येथे आला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे लोकार्पण होऊन उरणपर्यंतची उपनगरी रेल्वेही धावू लागली. बदल घडला तो जमिनीच्या मोबदल्यात. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी आंदोलन केले, त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकारास आली.

या इतिहासाची आठवण येथे निष्कारण केलेली नाही. साडेबारा टक्क्यांच्या प्रकरणात सात-बाराचे जुने उतारे, वारसदाखला, वंशावळ, भावंडांची संमतिपत्रे, प्रकल्पग्रस्ताचा दाखला असे कागद लागतात. ही प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि आज त्यांतील बहुतेक कागद घरातील कोणाच्या ना कोणाच्या भ्रमणध्वनीत छायाचित्राच्या रूपाने असतात. ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या (गावात त्यांना अजून तलाठीच म्हणतात) भ्रमणध्वनीत तर ते हमखास असतात. ज्या जमिनीचे मोल वाढले आहे, तिच्या मालकाचे नाव, सही, आधार क्रमांक आणि वारसांची नावे एकाच जागी सापडणे ही फसवणूक करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

उरणची आणखी एक बाजू आहे. करंजा परिसरात नौदलाची संरक्षित क्षेत्रे आहेत. त्यांच्या कुंपणावर छायाचित्रणास मनाई असल्याचे फलक असतात. भ्रमणध्वनीने काढलेल्या छायाचित्राच्या पोटात, स्थाननिर्देश चालू असल्यास, ते कोणत्या अक्षांश-रेखांशावर आणि किती वाजता काढले याची नोंद राहते. चित्रात केवळ समुद्रकिनारा आणि नातवंडे दिसत असली, तरी ती नोंद चित्राबरोबर जाऊ शकते. घरकुलाच्या कामात हीच नोंद उपयुक्त ठरते, कारण बांधकाम नेमके त्याच जागी झाले हे तिच्यावरून पडताळता येते. तेव्हा नोंद ही गोष्ट मुळात वाईट नाही. ती कोणाच्या हाती जाते, एवढाच प्रश्न आहे.

परवानगी म्हणजे नेमके काय?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. समाजमाध्यमावर एखादे छायाचित्र टाकण्यासाठी त्या ॲपला संपूर्ण संग्रह खुला करावाच लागतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती बहुतांशी खरी होती. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ पूर्वी ॲप उतरवून घेतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. त्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ॲपला प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हा विचारणे भाग पडले. तरीही उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच होते. एक चित्र द्यायचे असले, तरी कपाटाची किल्ली द्यावी लागे.

ही अडचण आता राहिलेली नाही. ॲपलने २०२० मध्ये आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीत निवडक छायाचित्रांपुरतीच अनुमती देण्याची सोय केली. अँड्रॉइडच्या २०२२ मधील तेराव्या आवृत्तीत छायाचित्रे निवडण्याची स्वतंत्र खिडकी आली. ही खिडकी ॲपची नसते, ती भ्रमणध्वनीच्या प्रणालीची असते. वापरणारा तीत आपली सर्व छायाचित्रे पाहतो, परंतु ॲपला मात्र निवडलेलेच चित्र मिळते. कार्यालयातील लिपिक कपाट उघडून हवा तो कागद बाहेर आणून देतो आणि मागणारा खिडकीबाहेर उभा असतो, तसाच हा प्रकार. २०२३ मधील चौदाव्या आवृत्तीत मर्यादित अनुमतीचा पर्याय परवानगीच्या विनंतीतच समाविष्ट झाला. गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरील ॲपसाठी नियम कडक केले असून, ज्यांचे मुख्य कार्यच छायाचित्रांशी निगडित आहे अशांनाच संपूर्ण संग्रहाची अनुमती मागता येते. समाजमाध्यमे या व्याख्येत बसू शकतात, म्हणून त्यांच्याकडून ही विनंती अजूनही येत राहते.

कॅमेऱ्याची परवानगी आणि संग्रहाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. राज्य शासनाच्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो. तेथे कॅमेरा आणि स्थान यांची अनुमती कामापुरती आणि समर्थनीय आहे. त्यावरून कोणत्याही ॲपला जुन्या छायाचित्रांचा संग्रह पाहण्याचा अधिकार मिळत नाही.

संग्रहाची पूर्ण अनुमती दिल्यावर ॲप सर्वच छायाचित्रे आपल्या संगणकांवर नेते, असे म्हणणे योग्य होणार नाही. ते तसे करू शकते, एवढेच निश्चित आहे, आणि ते करते की नाही हे वापरणाऱ्याला सहजासहजी कळण्याचा मार्ग नाही.

समाजमाध्यमांचा अनुभव

या संदर्भात २०१८ मधील एक प्रकरण नोंद घेण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या १४ डिसेंबर रोजी फेसबुकने स्वतःच जाहीर केले, की १३ ते २५ सप्टेंबर या काळात त्यांच्या प्रणालीत दोष राहिला होता आणि त्यामुळे इतर विकासकांच्या ॲपना नियमाबाहेरची छायाचित्रे पाहता येत होती. बाधित व्यक्तींची संख्या ६८ लाखांपर्यंत असू शकते आणि ८७६ विकासकांनी बनविलेली सुमारे १,५०० ॲप यात गुंतलेली असू शकतात, असेही सांगण्यात आले. यातील विशेष भाग असा, की ज्यांनी छायाचित्र निवडले, ते फेसबुकवर चढूही लागले, पण जे मध्येच विचार बदलून थांबले, त्यांचीही छायाचित्रे त्यात होती. प्रसिद्ध न केलेल्या अशा चित्राची प्रत कंपनी तीन दिवस ठेवीत असे. ‘टाकले नाही, म्हणजे गेले नाही’ हा सामान्य माणसाचा हिशेब तेथे चुकला. ही घटना फेसबुकच्या संगणकांवर पोहोचलेल्या छायाचित्रांची होती, भ्रमणध्वनीतील संग्रहाची नव्हे, हे स्पष्ट करणे उचित ठरेल.

भ्रमणध्वनीतील संग्रहाचा प्रश्न २०२५ मध्ये पुढे आला. फेसबुकने अमेरिका आणि कॅनडा येथे काही वापरकर्त्यांना अशी विचारणा केली, की त्यांनी संमती दिल्यास संग्रहातील, अद्याप कोठेही प्रसिद्ध न केलेली छायाचित्रे वेळ, स्थान आणि विषय पाहून निवडली जातील व कंपनीच्या संगणकांवर सतत चढविली जातील, आणि त्यांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोलाज, आठवणींचे संच इत्यादी सुचविले जातील. सुविधा ऐच्छिक आहे आणि ती बंद करता येते, असे कंपनीने सांगितले आहे. तथापि विचारणा कथा तयार करण्याच्या ओघात समोर येते आणि त्या क्षणी माणसाचे लक्ष कथेकडे असते. लग्नघरातील गडबडीत समोर धरलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचे प्रसंग कोकणात पूर्वी घडले आहेत. जमिनीच्या व्यवहारांची माहिती असलेल्यांना ते अधिक सांगण्याची गरज नाही.

कर्जाची ॲप

समाजमाध्यमांच्या जोडीने झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा उल्लेख करावा लागेल, कारण संग्रहाच्या परवानगीचा अत्यंत क्रूर उपयोग याच ठिकाणी झाला. चार-पाच हजारांच्या कर्जासाठी छायाचित्रांची आणि संपर्क यादीची अनुमती घ्यायची, हप्ता थकताच कर्जदाराच्या अथवा त्याच्या घरातील स्त्रियांच्या छायाचित्रांत अश्लील फेरफार करायचा आणि ती नातेवाइकांना पाठवायची, असे प्रकार महाराष्ट्रासह देशभर पोलिसांकडे नोंदविले गेले. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे कर्ज देणाऱ्या ॲपना भ्रमणध्वनीतील फाइली, माध्यमसंग्रह, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास प्रतिबंध केला. ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी कॅमेरा, ध्वनिग्राहक वा स्थान यांचा एकवेळ वापर, तोही स्पष्ट संमतीने, एवढीच मुभा ठेवली. म्हणून कर्जाच्या ॲपने छायाचित्रांची अनुमती मागितली, की ते नियमाबाहेर आहे असे समजून व्यवहार तेथेच थांबवावा. ग्रामसभेत एवढी एक गोष्ट सांगितली गेली, तरी काही घरे वाचतील.

कायद्याची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अधिसूचनेनुसार कंपन्यांवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनी अमलात यावयाची आहेत.

अधिनियमाच्या सहाव्या कलमात संमतीची व्याख्या करताना जे उदाहरण दिले आहे, ते आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. एखाद्या व्यक्तीने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे ॲप घेतले, त्याने वैद्यकीय माहितीबरोबर संपर्क यादीचीही अनुमती मागितली आणि तिने दोहोंना होकार दिला, तरीही संपर्क यादी वैद्यकीय सल्ल्यासाठी आवश्यक नसल्याने संमती वैद्यकीय माहितीपुरतीच मानली जाईल, असे ते उदाहरण सांगते. संपर्क यादीच्या जागी छायाचित्रांचा संग्रह ठेवून पाहावा. कामापुरतीच संमती, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, अशीही तरतूद त्यात आहे. अधिनियमाच्या लेखी १८ वर्षांखालील व्यक्ती बालक असून तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती लागते. शिक्षकांनी या वाक्यावर थोडे थांबावे.

प्रत्यक्ष काय करावे?

अँड्रॉइड भ्रमणध्वनीत सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडावी, संबंधित समाजमाध्यमाचे नाव निवडावे आणि परवानग्या या सदरात फोटो व व्हिडिओ पाहावे. तेथे सर्व छायाचित्रांना अनुमती, मर्यादित अनुमती आणि अनुमती नाही अशा अर्थाचे पर्याय आढळतात. उत्पादकागणिक शब्द थोडे बदलतात. जुन्या संचांवर मधला पर्याय नसेल, तर अनुमती नाकारून पाहावे. चित्र टाकण्याच्या वेळी प्रणालीची निवड-खिडकी उघडत असेल, तर काम अडत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या सदरात फोटोज उघडले, की कोणत्या ॲपला किती अनुमती आहे याची संपूर्ण यादीच समोर येते. काही ॲपना केवळ नवे चित्र जतन करण्यापुरती मुभा देण्याचा पर्यायही तेथे असतो.

मर्यादित अनुमती दिल्यावर दर वेळी नवे चित्र निवडण्याची थोडी तसदी पडते. ती सोसवत नाही म्हणून अनेक जण आठवड्याभरात पूर्ण अनुमतीकडे परततात, हे या उपायाचे खरे दुबळेपण आहे. यास्तव मुळात संग्रहातच इतरांचे कागद कमी कसे राहतील, हे पाहणे अधिक टिकाऊ ठरते.

व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे आपोआप संग्रहात उतरतात. अँड्रॉइडवर चॅट्सच्या सेटिंग्जमधील मीडिया व्हिजिबिलिटी आणि आयफोनवर सेव्ह टू फोटोज ही सोय बंद केल्यास गावच्या गटावर आलेली आधारपत्रे घरच्या संग्रहात मिसळत नाहीत. कागदाचे छायाचित्र घेण्याऐवजी भ्रमणध्वनीतील स्कॅनची सोय वापरून त्याची पीडीएफ करावी. नव्या अँड्रॉइड संचांवर पीडीएफ ही छायाचित्रांत गणली जात नाही, त्यामुळे छायाचित्रांची परवानगी मिळालेले ॲप तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सर्व फाइलींची परवानगी ही वेगळी आणि अधिक व्यापक असून समाजमाध्यमाला तिची काहीच आवश्यकता नसते. ठेवावेच लागणारे छायाचित्र गूगल फोटोजमधील लॉक केलेल्या फोल्डरमध्ये हलविता येते. तेथील चित्रे इतर ॲपना दिसत नाहीत. मात्र त्यांची अन्यत्र प्रत ठेवलेली नसेल आणि ते ॲपच काढून टाकले गेले, तर चित्रेही जातात. हे ठाऊक नसल्यास उपायच अपाय व्हावयाचा.

परवानगी काढून घेतल्याने पुढची वाट बंद होते. आधी जे गेले असेल, ते परत येत नाही. ते काढून टाकण्याची विनंती त्या सेवेच्या खातेविषयक सेटिंग्जमधून स्वतंत्रपणे करावी लागते. छायाचित्रांचा गैरवापर झाल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर अथवा केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि धमकीचे संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, कारण पुरावा तोच असतो.

शाळा आणि पंचायत

शालेय पोषण आहार, वृक्षारोपण, वजन-उंचीची मोजणी, सहल, यांची छायाचित्रे शिक्षकांना वरिष्ठांकडे पाठवावी लागतात. ती शिक्षकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीने घेतली जातात, कारण शाळेला वेगळा संच क्वचितच असतो. हा दोष शिक्षकाचा नाही. अहवाल मागणाऱ्यांनी मुलांचे चेहरे ओळखू येतील असे छायाचित्र खरोखर लागते काय, याचा विचार केला, तर निम्मे काम तेथेच होईल. आहाराचे ताट, लावलेले रोप किंवा पाठमोरी रांग पुष्कळदा पुरेशी असते. घारापुरी बेटाचे उदाहरण घ्यावे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांच्या या गावात समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. इतक्या लहान वस्तीत मुलाचा चेहरा दिसला, की गाव, घर आणि आईवडील ओळखण्यास आणखी कशाचीही गरज राहत नाही.

पंचायतीच्या बाबतीत एक त्रुटी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सरपंचाची मुदत संपते, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, तेव्हा कार्यभार हस्तांतरणाची यादी तयार होते. तीत कपाटाच्या किल्ल्या, नोंदवह्या, शिक्के, धनादेश पुस्तक यांची नोंद असते. भ्रमणध्वनी मात्र धन्यासोबत घरी जातो आणि त्याबरोबर पाच वर्षांतील अर्जदारांचे कागदही जातात. पुढे तो संच मुलाच्या हाती पडतो किंवा दुकानात बदलून दिला जातो. कामकाजातील छायाचित्रे कार्यालयाच्या संगणकावर घेतली आणि वैयक्तिक संचातून व त्याच्या ‘हटविलेले’ या सदरातूनही काढून टाकली, अशी एक ओळ त्या यादीत घालण्यास कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय येत्या महिन्यातही घेता येईल.